तुझ्या हातची दिवाळी

अगं, ऑक्टोबर लागला की इथे आयर्लंडमध्ये नव्याने आलेल्या मुलींकडून मला एकच वाक्य ऐकू येतं. "ताई, यंदा काही दिवाळी नाही हं आमची." कुणी डब्लिनमध्ये तिघींत मिळून घेतलेल्या घरात राहते, कुणी कॉर्कच्या हॉस्पिटलात नर्स आहे, कुणी लिमरिकला शिकते. वाक्य तेच, आणि आवाजही तसाच, आधीच ठरवून टाकल्यासारखा. तू तरी तसं म्हणू नकोस. 2026 मध्ये अभ्यंगस्नान आणि लक्ष्मीपूजन दोन्ही 8 नोव्हेंबरला आहेत, आणि तो रविवार आहे. पहिल्याच वर्षी असा योग आलाय तर तो वाया घालवू नकोस.

मला तुला मुख्य सांगायचंय ते एवढंच. आजवर तू घरातली लेक म्हणून दिवाळी केलीस. भाजणी आई दळून आणायची, कंदील बाबा लावायचे, उटणं कुणीतरी भिजवून ठेवायचं, आणि तू उठून फक्त पाटावर बसायचीस. आता तुझ्या इथल्या खोलीत कर्ती तू आहेस. तू केलंस तरच सण होणार. हे ऐकायला जड वाटेल, पण मनातला रितेपणा कमी करायचा याहून खात्रीचा उपाय मला माहीत नाही. सण कुणीतरी आपल्याला द्यावा म्हणून वाट पाहत बसलं की परदेशात फार एकटं वाटतं. आपण तो दुसऱ्या कुणाला द्यायला निघालो की वाटत नाही, निदान तितकं वाटत नाही.

पहाटेपासूनच सुरुवात कर. घरी आई चार-साडेचारला हाका मारायची. इथे नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सूर्य साडेसातच्या आसपास उगवतो, तेव्हा सहाला उठलीस तरी बाहेर मिट्ट काळोख असतो. अंधारात नाहायचा आनंद इथे झोप न मोडता मिळतो! फक्त गरम पाण्याचं आधी बघ. इथल्या बऱ्याच जुन्या घरांत पाण्याच्या टाकीला 'इमर्शन' असतं, त्याचं बटण पाऊण-एक तास आधी चालू करावं लागतं. आदल्या रात्री घरातल्या बाकीच्या मुलींना सांगून ठेव, नाहीतर तुझ्याआधी कुणीतरी सगळं पाणी संपवेल. खोबरेल तेल इथल्या थंडीत दगडासारखं होतं, बाटली कोमट पाण्यात ठेव. उटण्याचं पाकीट आणि मोती साबण घरून येताना बॅगेत आणता येतो, त्याला कसली आडकाठी नाही.

आडकाठी आहे ती दुधाला. दूध आणि दुधाचे पदार्थ बाहेरच्या देशांतून सामानातून आणायला युरोपीय संघाची मनाई आहे. म्हणजे तूप, खवा, पेढे, पनीर काहीही बांधून द्यायला निघालेल्या आईला आधीच थांबव. विमानतळावर ते टाकून द्यायला लागलं की जीव तुटतो. ताजी फळं, पानं, फुलं यांनाही वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. नारळ आणि केळी यांना त्यातून सूट आहे, पण ती दोन्ही इथे कुठल्याही मोठ्या दुकानात मिळतात, ओझं कशाला वाहायचं? त्यापेक्षा बॅगेतली ती जागा दिवाळी अंकाला दे. 1909 मध्ये का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून फराळाच्या ताटाशेजारी अंक हवाच, ही आपली सवय आहे. नोव्हेंबरात इथे साडेचार-पावणेपाचला अंधार पडतो. त्या लांबलचक संध्याकाळी हातात छापील मराठी पान असणं म्हणजे काय, ते तुला पहिल्याच आठवड्यात कळेल.

आता फराळ. सगळं करायच्या फंदात पडू नकोस. एक पदार्थ स्वतःच्या हाताने कर, बाकीचं विकत आण. माझं मत विचारशील तर तो एक पदार्थ बेसनाचे लाडू असू दे, कारण आयर्लंडमध्ये लोणी फार उत्तम मिळतं. इथल्या गाई वर्षातला बराच काळ मोकळ्या कुरणात चरतात, त्यामुळे लोणी चांगलं पिवळं असतं. बिनमिठाचं घे, वेष्टन नीट वाच, कारण इथे खारट लोणीच जास्त खपतं. तूप कढवायला ते जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर ठेव. आधी फेस येतो, मग तडतड थांबते, तळाला बेरी बदामी झाली की लगेच उतरव. त्या तुपात बेसन भाजायला घेतलंस की घाई करू नकोस. अर्धा तास लागतो, हात दुखतो, आणि मग एकदम तो वास सुटतो. तो वास सुटला की घरातल्या मुली आपापल्या खोल्यांतून बाहेर येतात. त्यांना हाक मारावी लागत नाही.

तळणीचं मात्र जपून. भाड्याच्या घरांत धुराचे अलार्म असतात आणि चकलीच्या तिसऱ्या घाण्याला ते ठणाणा करतात. अलार्मवर कापड बांधणं, बॅटरी काढून ठेवणं असलं काही करू नकोस, कुणी सुचवलं तरी नको. तुझ्यासोबत वर झोपलेल्यांच्या जिवाचा प्रश्न असतो. खिडकी उघड, स्वयंपाकघराचं दार लाव, कापूर आणि उदबत्तीही खिडकीशी. चकल्या भारतीय दुकानातून आण. त्या आईच्या हातच्यासारख्या नसतात, पण आपल्या नव्या घरातली पहिली दिवाळी चकलीवाचून अडू द्यायची नाही.

फटाके आणू नकोस. इथे सामान्य माणसाला फुलबाज्या आणि त्यासारख्या किरकोळ वस्तूंखेरीज फटाके परवान्याशिवाय जवळ बाळगताच येत नाहीत, तो गुन्हा आहे. 31 ऑक्टोबरच्या हॅलोविनला बाहेर धडामधूम चाललेली ऐकशील, त्यातली बरीचशी चोरटी असते. तुझ्या व्हिसावर कसला डाग नको. तो हॅलोविन तरी कुठला, अमेरिकेचा नव्हेच तो. जुन्या आयरिश लोकांचा 'साउइन' नावाचा सण होता, सुगी संपून काळोखाचे महिने सुरू होण्याच्या वेळचा, होळ्या पेटवायचा. वर्षाच्या याच वळणावर आपणही दिवे लावतो. हे शेजाऱ्यांना सांगितलंस की ओळखीची गोष्ट ऐकल्यासारखे ते मान डोलावतात.

आणि शेजाऱ्यांना सांगच. हा माझा सगळ्यात कळकळीचा आग्रह आहे. आपल्या मुली ऑफिसात सण लपवतात. उगाच वेगळेपणा नको, कोण समजावत बसणार, असं त्यांना वाटतं. पण ज्या देशात तू आली आहेस त्याला घर सोडून जाण्याचं दुःख कुणी शिकवायला नको. 1845 ते 1852 या काळात इथे बटाट्याचं पीक रोगाने गेलं, दहा लाखांच्या आसपास माणसं उपासमारीने आणि रोगराईने मेली आणि जवळपास तितकीच बोटीत बसून निघून गेली. 1841 मध्ये या बेटावर 80 लाखांहून जास्त माणसं होती, तेवढी आजही नाहीत. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेला निघाली की आदल्या रात्री गाव त्या घरी जमायचं, अगदी मयताला जमावं तसं, रात्रभर गाणं, नाच आणि रडणं. कारण ते तोंड पुन्हा दिसायचं नाही हे सगळ्यांना ठाऊक असायचं. नाताळच्या सुमाराला मग परदेशातून पत्र यायचं, आत थोडे पैसे. अशा घरांतली नातवंडं-पतवंडं आज तुझ्या शेजारच्या टेबलावर बसून काम करतात.

नाताळच्या आदल्या रात्री खिडकीत मेणबत्ती लावायची इथे जुनी रीत आहे. मेरी आणि जोसेफला आसरा मिळाला नव्हता, म्हणून वाटेवरच्या कुणालाही या घरात जागा आहे, असा तिचा अर्थ. मेरी रॉबिन्सन 1990 मध्ये आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्ष झाल्या, या देशाच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष. त्यांनी आपल्या सरकारी निवासस्थानाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत एक दिवा कायम तेवत ठेवला, देश सोडून जगभर गेलेल्या आयरिश माणसांसाठी. तू खिडकीत आतल्या बाजूने आकाशकंदील लावशील, तेव्हा समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या बाईला त्याचा अर्थ सांगावा लागणार नाही. माझ्या शेजारणीने तर पहिल्या वर्षी येऊन एवढंच विचारलं होतं, "घरच्यांची आठवण येते का गं?" तिच्या दोघी मावश्या बॉस्टनला गेल्या त्या परत आल्याच नाहीत.

तेव्हा रविवारी संध्याकाळी शेजारच्या दोन घरांत ताट घेऊन जा. पहिल्यांदा ते नको म्हणतील. दुसऱ्यांदाही म्हणतील. इथली माणसं पहिल्या विचारण्याला हो म्हणत नाहीत, आपल्याकडच्यासारखाच आग्रह करावा लागतो, आणि तो तुला जन्मतः येतो. फक्त एक कर, चिवड्यात शेंगदाणे आहेत, लाडवात काजू आहेत, कडबोळ्यात तीळ आहेत, हे चिठ्ठीवर लिहून ठेव. इथे शेंगदाण्याची जिवावर बेतणारी अॅलर्जी असलेली माणसं बऱ्याच शाळांत, ऑफिसांत असतात. ऑफिसात नेशील तेव्हा तर ही चिठ्ठी हवीच. गावाचं नाव विचारतील. तू कोकणातली असशील तर त्यांना लिओ वराडकरांची आठवण करून दे. 2017 मध्ये ते इथले पंतप्रधान झाले. वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे डॉक्टर, आई वॉटरफर्ड परगण्यातली नर्स.

आपली माणसंही इथे आता थोडीथोडकी नाहीत. 2022 च्या जनगणनेत 45 हजारांवर भारतीय नागरिक नोंदले गेले, हिंदू म्हणून नोंद 33 हजारांवर लोकांनी केली. डब्लिनच्या वॉकिन्सटाऊन भागात ऑगस्ट 2020 मध्ये मंदिर उघडलं, देशातलं पहिलं हिंदू मंदिर म्हणून त्याची तेव्हा बातमी झाली होती. महाराष्ट्र मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम बहुधा जवळच्या शनिवार-रविवारी असतो, हॉल मिळेल त्याप्रमाणे. तिकडे जरूर जा, नऊवारी नेस, पोटभर मराठी बोल. पण मंडळाचा शनिवार झाला म्हणून घरच्या रविवारला सुट्टी देऊ नकोस. तो कार्यक्रम समाजाचा. तिथीच्या दिवशी लावलेली पणती तुझी.

तिथीवरून एक गोष्ट आठवली. 2025 मध्ये महाराष्ट्रात लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला झालं. इथल्या घड्याळाप्रमाणे त्या दिवशी दुपारी दीडच्या आतच अमावास्या संपली होती, म्हणून इथल्या पुष्कळांनी 20 तारखेलाच पूजा केली. नव्या मुली यावरून फार गोंधळल्या. मी 21 लाच केली, आई करते त्या दिवशी. शास्त्र जाणणारे काय म्हणतील ते म्हणोत, दूरदेशी आईच्या दिवसाला पहिला मान, असं मला मनापासून वाटतं. 2026 मध्ये तो प्रश्नच नाही, 8 तारखेची संध्याकाळ दोन्हीकडे चालते.

वेळेचं मात्र लक्षात ठेव. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागे जातात, मग भारत साडेपाच तास पुढे असतो. पुण्यात संध्याकाळी साडेसहाला पूजा मांडली की इथे दुपारचा एक. तेव्हा फोनवरून घरची पूजा बघ, आरती म्हण, आजीला नमस्कार कर आणि फोन ठेव. ठेव म्हणजे खरोखर ठेव. दिवसभर तो फोन भिंतीला टेकवून घरच्यांच्या घोळक्याकडे बघत बसणारी मुलगी संध्याकाळपर्यंत अगदी गळून जाते. तिकडे सगळे जेवायला बसतात आणि ही इकडे रिकाम्या ओट्याशी. त्यापेक्षा संध्याकाळी तुझी पूजा झाली की आईला फोटो पाठव. आई झोपलेली असेल, सकाळी उठून बघेल. रडू आलं तर आईपुढे रड, त्यात कसला कमीपणा? फक्त 'सगळं मस्त चाललंय' असं खोटं सांगू नकोस. आयांना कळतं, आणि मग त्या तिकडे रात्रभर जागतात.

एक नाव तुझ्या कानावर घालायलाच हवं. सविता हलप्पनवार. बेळगावची मुलगी, दातांची डॉक्टर, गॉलवेला राहायची. तिथल्या भारतीय लोकांच्या दिवाळीत ती पुढे असायची, मुलांचे नाच बसवायची. 28 ऑक्टोबर 2012 ला ती हॉस्पिटलात वारली; पोटातलं मूल वाचणार नाही हे स्पष्ट असूनही तिला वेळेत गर्भपात करून मिळाला नव्हता. त्या वर्षी गॉलवेच्या भारतीयांनी दिवाळीचा कार्यक्रम केला नाही. तिच्या मृत्यूने हा देश हलला आणि 25 मे 2018 च्या सार्वमतात इथल्या लोकांनी घटनेतलं गर्भपात रोखणारं कलम काढून टाकलं. तिच्यासारख्या बायकांनीच इथली दिवाळी उभी केली आहे, परक्या गावात, नोकरी सांभाळून, दुसऱ्यांच्या लेकरांना नाच शिकवून. तुझ्या हातात आज जी तयार दिवाळी येते तिच्यामागे त्यांचे कष्ट आहेत.

सुरक्षेचंही बोलते, कारण तुझ्या आईने इथल्या हल्ल्यांबद्दल वाचलंय आणि तिला धास्ती आहे. जुलै 2025 मध्ये डब्लिनच्या टॅला भागात एका भारतीय माणसाला जमावाने मारहाण केली, नंतर आणखीही प्रकार झाले. 1 ऑगस्टला आपल्या दूतावासाने भारतीयांना सावध राहायची सूचना दिली आणि त्या महिन्यातला इंडिया डेचा कार्यक्रम पुढे ढकलला गेला. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मायकेल डी. हिगिन्स यांनी या हल्ल्यांचा स्पष्ट शब्दांत निषेध केला. भिऊन साडी नेसायची सोडू नकोस. पण रात्री कार्यक्रमाहून परतताना एकटी चालत येऊ नकोस, दोघी-तिघी मिळून टॅक्सी करा, कुठे पोचलात ते एकमेकींना कळवा. काही झालंच तर 112 किंवा 999. आणि पोलिसात तक्रार नोंदव, गप्प बसू नकोस.

आता एक गोष्ट, जी कुणी आधी सांगत नाही. एकटेपणाची खरी परीक्षा दिवाळी नव्हे, नाताळ आहे. दिवाळीत तुला धावपळ असते. नाताळात सगळा देश आपापल्या आईकडे जातो. तुझ्या घरातल्या मुली बॅगा भरून निघतात. 25 डिसेंबरला इथे बस नाही, रेल्वे नाही, डब्लिनचा विमानतळसुद्धा बंद असतो, दुकानांना कुलूप. रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. ज्या सणाशी आपला संबंध नाही असं वाटतं तो सण त्या दिवशी खिडकीशी येऊन उभा राहतो आणि घरची आठवण दिवाळीपेक्षा जास्त येते. म्हणून त्याची तयारी डिसेंबरच्या सुरुवातीलाच कर. दूध, ब्रेड, भाज्या 24 च्या दुपारच्या आत भरून ठेव. कुणी जेवायला बोलावलं तर जा, एकदा आढेवेढे घे आणि मग हो म्हण. शाकाहारी असशील तर आधी सांग, त्यांना वाईट वाटत नाही. न सांगता गेलीस तर मात्र यजमानीण टर्कीच्या ताटासमोर कानकोंडी होते. कुणी बोलावलं नाही तर तूच आपल्यासारख्या उरलेल्या दोघी-चौघींना बोलाव, खिचडी-कढी कर. ज्यांच्या ड्युट्या असतात त्यांच्यासाठी तर हा सौदा चांगला आहे. नाताळची पाळी मी करते, दिवाळीची मला सोड, असं सप्टेंबरातच बोलून ठेव. आयरिश मैत्रिणीला 25 ला घरी राहायला मिळण्याचं मोल फार आहे, ती आनंदाने बदलून देते.

आणि जानेवारीची 6 तारीख विसरू नकोस. त्या दिवशी इथे बायकांचा नाताळ असतो, 'नलिग ना मॉन' म्हणतात. सणभर राबलेल्या बायका त्या दिवशी घरकामाला सुट्टी देऊन मैत्रिणींबरोबर चहा-केकला बसतात. कॉर्क-केरी भागात ही रीत विशेष टिकून आहे. मला तर आपल्या हळदीकुंकवाच्या दिवसांचीच आठवण होते. त्या दिवशी शेजारणीला तू घरी बोलाव. संक्रांत तोंडावर आलेलीच असते, तिळगूळ पुढे कर.

रजेचं तेवढं लगेच बघ. दिवाळीला इथे सार्वजनिक सुट्टी नाही. वर्षातल्या दहा सार्वजनिक सुट्ट्यांत एक ऑक्टोबरच्या शेवटच्या सोमवारी येते, पण ती दिवाळीशी क्वचितच जुळते. 10 नोव्हेंबरला, मंगळवारी, पाडवा आहे आणि बुधवारी भाऊबीज. दोन्ही दिवस मिळाले नाहीत तर एक घे, पण अर्ज महिनाभर आधी टाक आणि कारण म्हणून 'वैयक्तिक काम' लिहू नकोस. दिवाळी लिही. भावाला ओवाळायला तो समोर नसेल तर चंद्राला ओवाळायची आपली रीत आहेच. आभाळ भरलेलं असेल, ते इथे असतंच, तर त्या दिशेला तोंड करून ओवाळ.

लोणी, बेसन, पणत्या आणि दोन शेजारघरांची नावं, एवढी यादी आज रात्री लिहून काढ. आणि त्या घरांत तुझ्यासारखीच नुकती आलेली, अजून ओळख नसलेली एखादी मुलगी राहत असेल, तर तिला रविवारी जेवायला बोलाव.